मुदत संपली की सवलत संपली पाहिजे

अर्थसंकल्पाचे दिवस जवळ आले की बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनांची निवेदने मंत्रालयाकडे निघतात. त्यातली एक मागणी ठरलेली असते: मुद्रांक शुल्क कमी करा. कोरोनाच्या काळात, २०२० साली, सरकारने ही मागणी सात महिन्यांसाठी मान्य केली होती. मुदत संपत आली तेव्हा ती वाढवा म्हणून दबाव आला. 'ती सवलत परत आणा आणि आता कायमची ठेवा' हा सूर अजून थांबलेला नाही. आमच्या बेगडेवाडी, शेलारवाडी, देहूरोड, तळेगावच्या पट्ट्यात तर तो बिल्डरच्या साइट ऑफिसपुरता उरलेला नाही. लोकलमध्ये, चहाच्या टपरीवर, विहारात वंदना झाल्यावरच्या गप्पांतही तो ऐकू येतो. आमचीच शिकलेली, तळेगाव-चाकणच्या कंपन्यांत नोकरीला लागलेली मुले विचारतात, "कर कमी झाला तर आपल्याच माणसाला घर मिळेल ना? मग आंबेडकरी माणसाने विरोध कशाला करायचा?"

प्रश्न प्रामाणिक आहे. म्हणून त्याचे उत्तर घोषणेने नाही, हिशेबाने द्यायला हवे. आमची भूमिका आधीच सांगून टाकतो. मुदतीची करसवलत मुदत संपली की संपली पाहिजे. ती कायम ठेवायची असेल तर कोणासाठी, किती किमतीच्या घरापर्यंत आणि कोणाच्या पैशाने, हे विधिमंडळात उघड सांगून ठेवा. झोपडीतून पहिल्या घरात जाणाऱ्याला आणि तिसरा बंगला घेणाऱ्याला एकच टक्केवारी लावायची आणि त्याला 'सर्वांना दिलासा' म्हणायचे, ही फसवणूक आहे.

सात महिन्यांत काय झाले

२६ ऑगस्ट २०२० रोजी राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळात घरखरेदीच्या दस्तावरचे मुद्रांक शुल्क ३ टक्क्यांनी कमी, आणि १ जानेवारी ते ३१ मार्च २०२१ या काळात २ टक्क्यांनी कमी. म्हणजे जिथे ५ टक्के शुल्क होते तिथे आधी २ टक्के आणि मग ३ टक्के. लॉकडाऊनमुळे बाजार ठप्प आहे, बांधकामावर लाखो मजुरांचे पोट आहे, गती द्यायला हवी, असे कारण दिले गेले. कारण खोटे नव्हते. डिसेंबर २०२० मध्ये आणि पुन्हा मार्च २०२१ मध्ये दुय्यम निबंधक कार्यालयांसमोर रांगा लागल्या. गर्दी एवढी झाली की शुल्क मुदतीत भरा आणि नोंदणी पुढच्या चार महिन्यांत करा, अशी कायद्यातली सोय लोकांना सांगावी लागली.

आता याच रांगांकडे बोट दाखवून सांगितले जाते, 'बघा, शुल्क कमी केले की विक्री वाढते. मग कायमच कमी करा.'

थोडा विचार करू. ती रांग कशाने लागली? शुल्क कमी होते म्हणून, हे अर्धे उत्तर झाले. ३१ तारखेनंतर ते वाढणार होते, हे उरलेले अर्धे. जो माणूस सहा महिन्यांनी किंवा वर्षाने घर घेणार होता, त्याने ते डिसेंबरमध्येच उरकले. दुकानात 'सेलचा शेवटचा दिवस' अशी पाटी लागली की गर्दी होते. तीच पाटी बारा महिने टांगली की तिच्याकडे कोणी मान वर करून बघतही नाही. मुदत हेच त्या सवलतीचे बळ होते. मुदत काढून टाकली तर गर्दी जाईल, सरकारी तिजोरीतला खड्डा मात्र दरवर्षी राहील.

शिवाय कायमची सवलत घर घेणाऱ्याच्या खिशात टिकत नाही. मुदतीच्या काळात घाई असते, न विकलेल्या फ्लॅटचा साठा असतो, म्हणून बिल्डर किंमत लगेच वाढवू शकत नाही. पण शुल्क कायमचे ३ टक्क्यांनी उतरले हे सगळ्यांना ठाऊक झाले की जमीनमालक जमिनीचा भाव वाढवून सांगतो आणि बिल्डर चौरस फुटाचा दर. जो पैसा कर म्हणून सरकारकडे जात होता, तो किंमत म्हणून त्यांच्याकडे जातो. घर घेणाऱ्याचा हप्ता जिथल्या तिथे राहतो.

आणि शुल्क पूर्ववत झाल्यावर बाजार बुडाला का? १ एप्रिल २०२१ पासून जुने दर परत आले. पुणे, मुंबई, ठाणे, नागपूर इथला १ टक्का मेट्रो अधिभार दोन वर्षे थांबवला होता, तोही १ एप्रिल २०२२ पासून परत सुरू झाला. आकाश कोसळले नाही. मुंबईत पुढच्या वर्षांत दस्तनोंदणी वाढतच गेली आणि २०२४ साली ती १ लाख ४० हजारांच्या वर गेली. ज्या बाजाराला पूर्ण शुल्क भरून एवढा विक्रम करता येतो, त्याला कायमचे औषध कशासाठी हवे आहे?

कोणाच्या पानात किती वाढले

आता हिशेब. पूर्ण ५ टक्क्यांचा दर धरू आणि ३ टक्के सवलत लावून बघू.

२५ लाखांचा एक खोली-स्वयंपाकघराचा फ्लॅट घेणाऱ्याचे ७५ हजार रुपये वाचले. २ कोटींचा बंगला घेणाऱ्याचे ६ लाख वाचले. लोणावळ्यात शनिवार-रविवारपुरता दुसरा बंगला घेणाऱ्यालाही तीच सवलत मिळाली. आणि वस्तीत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, तळेगावच्या सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करणाऱ्या बाईला किती मिळाले? शून्य. तिच्या भाड्याच्या खोलीचा दस्तच नसतो. ज्याच्या नावावर काहीच नाही, त्याला टक्केवारीची सवलत काहीच देत नाही. एवढे साधे गणित असताना या सवलतीला 'गरिबांसाठी' म्हणण्याचे धाडस कुठून येते?

याच कार्यालयात दुसरीही एक सवलत आहे. तिच्याविषयी कोणी बोलत नाही, कारण ती आधीच कायम आहे. दस्ताची नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार रुपये. २० लाखांचे घर घेणारा २० हजार भरतो, म्हणजे पूर्ण १ टक्का. ३ कोटींचा बंगला घेणाराही ३० हजारच भरतो, म्हणजे ०.१ टक्का. लहान घरावर मोठा दर आणि मोठ्या घरावर लहान दर. ही उलटी उतरंड कोणत्या अर्थशास्त्रात बसते, ते कर कायम कमी करा म्हणणाऱ्यांनी एकदा समजावून सांगावे.

महिलांची सवलत घ्या. १ एप्रिल २०२१ पासून घर फक्त महिलेच्या किंवा महिलांच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे. आधी त्यावर १५ वर्षांची अट होती, की ते घर पुरुषाला विकायचे नाही. ती अट २०२३ मध्ये काढली गेली. बाईच्या नावावर घर व्हावे यासाठी आम्ही वस्तीवस्तीत बोलतो. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या बाबासाहेबांचे अनुयायी आहोत आम्ही. म्हणून या सवलतीचे स्वागतच आहे. पण तिलाही किमतीची मर्यादा नाही. पाच कोटींचे घर बायकोच्या नावावर करून ५ लाख वाचवणारे कुटुंब आणि आयुष्यात एकदाच घर घेणारी अंगणवाडी सेविका, दोघी सरकारच्या लेखी एकाच रांगेत. हेतू चांगला असला तरी निकष नसेल तर लाभ वरच्या मजल्यावरच अडकतो, याचे हे उदाहरण.

तिजोरीत पैसा नव्हता, तो कोणासाठी?

२०२० सालचीच आणखी एक गोष्ट. ४ मे २०२० रोजी वित्त विभागाने शासन निर्णय काढला. विकासाच्या योजनांना त्या वर्षाच्या तरतुदीतले ३३ टक्केच पैसे मिळतील, नवी नोकरभरती होणार नाही, असे त्यात होते. कारण? महसूल घटला आहे. आमची स्पर्धा परीक्षा देणारी मुले तेव्हा घरी बसली. वय वाढत गेले, जाहिराती निघाल्या नाहीत. आणि त्याच सरकारला चार महिन्यांत मुद्रांक शुल्कात ३ टक्के सूट द्यायला जमले. पुढे ६ जानेवारी २०२१ रोजी बिल्डरांच्या अधिमूल्यातही ५० टक्के कपात मंजूर झाली. तिला निदान एक अट होती, की लाभ घेणाऱ्याने ग्राहकाचे मुद्रांक शुल्क स्वतः भरावे.

त्याच डिसेंबर २०२० मध्ये, ३ टक्क्यांच्या सवलतीची शेवटची घाई चालू असताना, आमच्या शेजारच्या तळेगावात जनरल मोटर्सच्या कारखान्यातले उत्पादन बंद झाले. शेकडो कामगारांच्या घरचे हप्ते थांबायची वेळ आली. त्यांच्यासाठी सात महिन्यांची कोणती सवलत निघाली होती?

मुद्रांक शुल्क हा राज्याच्या स्वतःच्या उत्पन्नाचा एक मोठा आधार आहे. जीएसटी आल्यापासून राज्याच्या हातात स्वतः दर ठरवायचे कर मोजकेच उरलेत: मुद्रांक, दारूवरचे उत्पादन शुल्क, पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, वाहनकर. यातला एक कायमचा कापला तर भरपाई कुठून होणार? जिथे आवाज कमी, तिथून. २०२५ साली सामाजिक न्याय विभागाचा निधी दुसऱ्या योजनेकडे वळवला, अशी जाहीर तक्रार त्या खात्याच्या मंत्र्यांनीच केली होती. अनुसूचित जातींसाठी राखलेला पैसा सरकारला अडचणीच्या वेळी सगळ्यात सोपा वाटतो. शिष्यवृत्ती उशिरा आली तर मुलगा कॉलेज सोडून कामाला लागतो. त्याची बातमी होत नाही. बिल्डरची विक्री मंदावली की पहिल्या पानावर येते. म्हणून 'कर कमी करा' हे वाक्य ऐकले की आम्ही लगेच विचारतो: कमी पडलेले पैसे कोणाच्या ताटातून काढणार?

तात्पुरते कायम कसे होते

तात्पुरत्या सवलती कायम कशा होतात, याचा एक ठराविक रस्ता आहे. आधी संकट असते. मग मुदत असते. मुदतीच्या आत लाभ घेणाऱ्यांची संघटना तयार होते. मुदत संपताना ती संघटना म्हणते, 'आता सवलत काढली तर ही करवाढ होईल.' बघा कसे शब्द फिरतात. जे सवलत म्हणून मिळाले, ते हक्क होऊन बसते, आणि मूळ कर हाच अन्याय ठरतो.

या महाराष्ट्रात याचे जुने उदाहरण आहे. उद्योगांना मागास भागात नेण्यासाठी राज्याने १९६४ साली सामूहिक प्रोत्साहन योजना आणली. काही वर्षांची योजना. मग १९७९, १९८८, १९९३, २००१, २००७, २०१३, २०१९ अशी ती नव्या नव्या नावाच्या वर्षासह येत राहिली. प्रत्येक वेळी मुदत काही वर्षांची, एकूण वय साठीच्या पुढे. तिच्यातून काही ठिकाणी उद्योग आले, रोजगार आला, हे आम्ही नाकारत नाही. पण साठ वर्षांनंतरही मराठवाडा-विदर्भाचा अनुशेष आहेच आणि पुणे-ठाण्याच्या पट्ट्यातली गर्दीही आहेच. मग सवलतीने काय साधले याचा हिशेब प्रत्येक नूतनीकरणाआधी जनतेसमोर का ठेवला जात नाही?

इतिहासात आणखी मागे जा. बंगालमध्ये इंग्रजांनी जमीनदारांबरोबर आधी दहा वर्षांसाठी साऱ्याचा करार केला. १७९३ साली लॉर्ड कॉर्नवॉलिसने तोच करार कायमचा केला. सरकारचा वाटा कायमचा गोठला, जमिनीचे मोल वाढत गेले आणि ती सगळी वाढ जमीनदारांच्या घरात गेली. कुळांना मात्र कोणीही कायमची सवलत दिली नाही. त्यांचा खंड वाढतच राहिला. दहा वर्षांची गोष्ट दीडशे वर्षे चालली.

अमेरिकेतही हेच घडले. २०१७ साली तिथे व्यक्तिगत आयकर कमी केला, तो २०२५ अखेर संपणार होता. संपण्याआधीच, जुलै २०२५ मध्ये, त्यातला बहुतेक भाग कायम करण्यात आला आणि त्याच कायद्याने गरिबांच्या आरोग्य व अन्न योजनांच्या खर्चाला कात्री लावली. देश बदलतो, भाषा बदलते. वरच्याचा कर कायमचा उतरतो आणि खालच्याची भाकरी कापली जाते, हा क्रम बदलत नाही.

बाबासाहेबांनी कराकडे कसे पाहिले

कर हा विषय आपला नाही, असे समजणाऱ्या आमच्या तरुणांना एक आठवण द्यायची आहे. बाबासाहेबांचा कोलंबिया विद्यापीठातला प्रबंध ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवर होता. १९२५ साली तो पुस्तकरूपाने आला आणि त्याची प्रस्तावना करशास्त्राचे नामांकित अभ्यासक प्रा. सेलिग्मन यांनी लिहिली. कर कोणावर पडतो आणि खर्च कोणावर होतो, हा प्रश्न बाबासाहेबांनी महाडच्या आधी हाताळलेला आहे.

फेब्रुवारी १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी शेतसाऱ्याच्या अन्यायावर बोट ठेवले. आयकराला उत्पन्नाची किमान मर्यादा असते, तिच्याखाली कर नाही. शेतसाऱ्याला अशी मर्यादा नव्हती. तुकडाभर जमीन कसणारा, पीक बुडालेला शेतकरीही सारा भरणार आणि मोठा जमीनदारही त्याच दराने भरणार. देण्याची ऐपत बघून कर घ्या, हा त्यांचा मुद्दा होता. पुढच्याच महिन्यात चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. पाण्याचा हक्क आणि कराचा न्याय, दोन्ही एकाच माणसाने एकाच हंगामात मांडले.

तीच कसोटी आज लावा. सरसकट टक्केवारीची सूट ऐपत बघते का? नाही. उलट ज्याची ऐपत जास्त त्याला ती जास्त देते. मग तिला कायम करण्याच्या मागणीला आंबेडकरी माणूस कसा पाठिंबा देईल?

आमच्या सवलतींचे काय होते

आता दुसरी बाजू. आम्हाला मिळालेल्या सवलती कायम असतात, पण फक्त कागदावर.

जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला. यासाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. हा आदेश १ जुलै २००४ चा आहे. तरीही वीस वर्षे आमची पोरे १०० रुपयांचा स्टॅम्प पेपर विकत घेत राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये किमान मुद्रांक ५०० रुपये झाला, तेव्हा तोच पेपर ५०० चा झाला. मार्च २०२५ मध्ये महसूल मंत्र्यांना ही माफी नव्याने जाहीर करावी लागली. आम्ही विद्यार्थ्यांबरोबर दाखल्यांसाठी फिरतो तेव्हा आजही कुठल्यातरी खिडकीवर ऐकू येते, "स्टॅम्पवर करून आणा." मजुरी करणाऱ्या आईच्या दिवसभराच्या कमाईइतका तो पेपर. जी सवलत एकवीस वर्षांपूर्वी कायमची मिळाली, ती खिडकीपर्यंत पोचत नाही. बिल्डरची सात महिन्यांची सवलत मात्र पहिल्या दिवशीच प्रत्येक फ्लेक्सवर झळकली होती.

दुसरे उदाहरण वतनाचे. महार वतन म्हणजे वेठबिगारीच्या बदल्यात दिलेला जमिनीचा तुकडा. साऱ्यातल्या त्या सवलतीची किंमत पिढ्यान्पिढ्या गावकीची राबणूक करून चुकवली. म्हणून १९२८ साली बाबासाहेबांनी वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. अखेर १९५८ च्या कायद्याने वतने गेली. जमिनी पुन्हा मिळाल्या, पण बंधनासह. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकायच्या नाहीत आणि बिगरशेतीसाठी विकायच्या तर सर्वसाधारणपणे बाजारभावाच्या निम्मी रक्कम नजराणा म्हणून सरकारला भरायची. दलालांनी जमिनी लुटू नयेत म्हणून हे बंधन आहे आणि त्यातला संरक्षणाचा भाग आम्हाला मान्य आहे. पण तुलना तर करा. फ्लॅट घेणाऱ्याला ५ टक्के जड वाटतात आणि त्याच्यासाठी मंत्रिमंडळ बसते. वतनाची जमीन मोकळी करताना ५० टक्के द्यावे लागतात, त्यावर कोणती सात महिन्यांची सवलत निघाली?

आणि या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की काय होते, ते नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या मुंढव्यात सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. सुमारे ४० एकर महार वतनाची जमीन, ३०० कोटींचा दस्त आणि मुद्रांक ५०० रुपयांचा. कोट्यवधींचे शुल्क उद्योग धोरणातल्या सवलतीचा आधार दाखवून भरलेच गेले नव्हते, असे समोर आले. बोभाटा झाल्यावर गुन्हे दाखल झाले, निलंबन झाले, व्यवहार रद्द करण्याची घोषणा झाली. दोषी कोण हे न्यायालय ठरवेल. आम्ही एवढेच म्हणतो: दाखल्यासाठी पोराने ५०० चा स्टॅम्प लावायचा आणि ३०० कोटींच्या दस्तालाही ५०० चाच स्टॅम्प लागतो. या राज्यात समता कुठे असेल, तर ती या एका ठिकाणी सापडली!

हुकूम दगडावर कोरा

सवलत द्यायची पद्धत कशी असावी, हे शिकायला लांब जायला नको. बेगडेवाडीच्या माथ्यावर शेलारवाडीची लेणी आहेत आणि पुढे कार्ले, भाजे, बेडसे. कार्ल्याच्या शिलालेखांत मावळाचे नाव 'मामाल' असे येते आणि ते एका दानाच्या हुकमात येते. करजिक नावाचे गाव लेण्यातल्या भिक्षुसंघाला दिले आहे. राजवट बदलली, क्षत्रप जाऊन सातवाहन आले, तेव्हा ते दान नव्याने कायम केले गेले आणि त्या गावात सैनिकांनी शिरू नये, अधिकाऱ्यांनी हात लावू नये, असे मामालच्या अमात्याला कळवले गेले. कोणते गाव, कोणाला, कशासाठी, कोणाच्या हुकमाने: सगळे दगडावर, येणारा-जाणारा वाचील असे. दोन हजार वर्षांनी आजही वाचता येते.

आज काय आहे? महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ९ नुसार सरकार राजपत्रात अधिसूचना काढून शुल्क कमी करू शकते, माफही करू शकते. कर बसवायचा तर विधिमंडळात कायदा करावा लागतो. माफ करायला एक अधिसूचना पुरते. आम्ही राजाचे राज्य मागत नाही. आम्हाला संविधानाचे राज्य मिळाले आहे. पण संविधानाच्या राज्यात करमाफी राजाच्या हुकमापेक्षाही झाकलेली असावी, हे कसे चालेल?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत.

एक. मुद्रांक शुल्कात सरसकट आणि कायमची कपात नको. मुदतीची सवलत द्यावी लागली तर तिची शेवटची तारीख अंतिम असावी.

दोन. कायम सवलत हवीच असेल तर टप्प्यांची करा. शेजारच्या कर्नाटकाने कोरोनाच्याच काळात २० लाखांपर्यंतच्या नव्या सदनिकेला २ टक्के आणि त्यापुढे ठराविक मर्यादेपर्यंत ३ टक्के असा दर केला, महागड्या घरांना नाही. महाराष्ट्राने पुढे जाऊन ठराविक किमतीच्या आतले कुटुंबाचे पहिले घर शुल्कमुक्त करावे, मग घरकुल योजनेच्या यादीत नाव असो वा नसो. महिलांच्या सवलतीलाही हीच मर्यादा लावा आणि मर्यादेच्या आत ती वाढवा.

तीन. नोंदणी फीवरची ३० हजारांची कमाल मर्यादा मोठ्या किमतीच्या घरांसाठी काढा. त्यातून दुसऱ्या मागणीतल्या घरांचा काही भार नक्की उचलला जाईल.

चार. केंद्र सरकार २००६-०७ पासून अर्थसंकल्पाबरोबर करसवलतींमुळे सोडलेल्या महसुलाचे विवरण मांडते. राज्याने मुद्रांक माफीचे असेच विवरण जिल्हावार, लाभ घेणाऱ्या मोठ्या प्रकल्पांच्या नावांसह विधिमंडळात मांडावे.

पाच. २००४ चा प्रतिज्ञापत्र माफीचा आदेश प्रत्येक तहसील, सेतू केंद्र आणि शाळेत मोठ्या अक्षरांत लावावा. जो स्टॅम्प मागेल त्याच्यावर कारवाई करावी.

सहा. महार वतनाच्या जमिनीवर मूळ कुटुंब स्वतः घर बांधत असेल, सहकारी संस्था करून स्वतः विकसित करत असेल, तर नजराणा माफ करावा. बाहेरच्याला विकताना जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचे संरक्षण मात्र तसेच ठेवावे.

आमच्या नोकरदार भावा-बहिणींना शेवटी एवढेच सांगणे. तुमचे पहिले घर व्हावे ही आमची इच्छा आहे आणि वरच्या मागण्यांत तुमच्या घराला सरसकट सवलतीपेक्षा जास्त मिळते. बिल्डरच्या निवेदनावर सही करण्याआधी २५ लाख आणि २ कोटी यांचा हिशेब एकदा स्वतःच्या हाताने मांडून बघा. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्ती बसवली, तेव्हा ती जागा उभी करायला आलेली माणसे लष्कराच्या डेपोत आणि रेल्वेत राबणारी होती. कोणी करमाफी मागितली नव्हती, वर्गणी काढली होती. ज्याला जेवढे जमले, त्याने तेवढे दिले. कराचे न्याय्य तत्त्वही तेवढेच आहे: ज्याची जेवढी ऐपत, त्याने तेवढे द्यावे. ते तत्त्व सरकारला पुन्हा शिकवायची वेळ आली आहे, आणि ते शिकवायचा अधिकार आपल्याइतका कोणाला आहे?

जय भीम. जय संविधान.